माडी, मोह आणि साके : गावाचं नाव कोणाच्या बाटलीवर?

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, व्याख्यानानंतर प्रात्यक्षिक आहे का? नाही. चहा आहे. (हशा)

सुरुवात लोअर परळपासून करू. गिरण्यांच्या जुन्या आवारांत आता जी उपाहारगृहं आहेत, त्यांत जपानी पद्धतीचीही आहेत. जपानीत अशा ठिकाणाला इझाकाया म्हणतात. साकाया म्हणजे दारूचं दुकान आणि इझाकाया म्हणजे जिथे बूड टेकून प्यायला मिळतं असं दुकान. तिथलं साकेचं पान उघडलं की पहिल्यांदा दिसतो तो भूगोल. ही निइगाताची, ही हिरोशिमाची, ही क्योतोजवळच्या फुशिमीची, ही कोबेच्या शेजारच्या नादाची. तांदूळ कुठला, तो किती घासला, पाणी जड की हलकं, सगळं लिहिलेलं असतं. वाढणारा पोरगा सांगतो, नादाचं पाणी जड म्हणून तिथली साके कडक, फुशिमीचं हलकं म्हणून ती मऊ. आपण छोट्या पेल्यातून दोन्ही चाखतो आणि मान डोलावतो.

चाखणं हा आपलाही शब्द आहे. पण आपल्याकडे 'चखणा' म्हटलं की बशीतले शेंगदाणे आठवतात. चव घेण्याचा शब्द पेल्याला सोडून बशीला जाऊन चिकटला. चव पेल्यात नव्हतीच का, की होती आणि गेली? ज्या परळमध्ये बसून आपण निइगाता आणि नादा यांतला फरक शिकतो, त्या परळला, लालबागला, दादरला, गिरगावला स्वतःचं पेय होतं का? होतं. एक नव्हे, किमान दोन होती. ती कशी गेली हे आज आपण पाहणार आहोत.

पहिलं पेय माडी. जॉन फ्रायर नावाचा इंग्रज वैद्य 1670च्या दशकात मुंबईत आला. त्याने माहीमकडच्या नारळीच्या रानाचं वर्णन केलंय आणि त्या रानात राहणाऱ्या, झाडं राखणाऱ्या भंडाऱ्यांचंही. बेटावरची सगळ्यांत मोलाची मालमत्ता म्हणजे या बागा, असं त्याचं निरीक्षण. पोर्तुगीज बागेला 'ओर्ता' म्हणत, त्याचं इंग्रजांनी 'ओर्ट' केलं आणि आपण 'वाडी' म्हणत राहिलो. आज गिरगावात खोताची वाडी म्हटलं की लाकडी जिन्यांची घरं आणि फणसवाडी म्हटलं की चाळी आठवतात, पण वाडी हा शब्द मुळात झाडांचा आहे. सगळ्याच वाड्या माडांच्या होत्या असं नाही. तरी गिरगावपासून माहीमपर्यंतच्या पट्ट्यात माड आणि ताड भरपूर होते, आणि या झाडांचा नारळाइतकाच मोठा धंदा त्यांच्या रसाचा होता.

हा रस काढतात कसा, यावर थोडं थांबायला हवं, कारण पुढचा सगळा इतिहास या कृतीतच दडलेला आहे. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, दोरीने घट्ट बांधतात. रोज हलक्या हाताने ठोकतात. काही दिवसांनी टोक छाटलं की रस ठिबकू लागतो. खाली मडकं टांगायचं. भंडारी सकाळ-संध्याकाळ झाडावर चढणार, पात्याने टोकाची पातळ चकती काढणार, रस उतरवून घेणार. पहाटेचा ताजा रस गोड, तीच नीरा. पण हवेतलं यीस्ट त्यात आपोआप शिरतं, वेगळं विरजण लागत नाही. सकाळ चढते तसा रस फसफसू लागतो, दुपारपर्यंत आंबूस, थोडी नशा असलेली माडी होते, आणि दुसऱ्या दिवशी तिचा जवळजवळ शिरका होतो.

म्हणजे माडीला प्रवास सोसत नाही! ती झाडापासून हाकेच्या अंतरावरच प्यायची. माहीमची माडी माहीममध्ये, वसईची वसईत. हिच्या बाटलीवर गावाचं नाव लिहायची गरजच नव्हती, कारण बाटली नव्हती आणि गाव समोरच उभं होतं.

हा रस भट्टीवर चढवला की त्याची दारू होते. तिच्याही पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांना नावं होती. कोकणात पहिल्या, सौम्य उताराला रासी म्हणत आणि पुढच्या कडक उताराला फेणी. अजून एक शब्द सांगतो, तो ऐकून तुम्ही दचकाल: बेवडा. जुन्या कोशात बेवडा म्हणजे दोनदा गाळलेली दारू. गुजरातीत आजही 'बेवडुं' म्हणजे दुहेरी. साकेच्या यादीत तांदूळ किती घासला यावरून जशी प्रत ठरते, तशी ही आपल्याकडची प्रतवारी. 'पहिल्या धारेची' हाही तसाच जाणकारांचा शब्द, भट्टीच्या नळीतून येणाऱ्या पहिल्या, कडक धारेचा. पण आज बेवडा म्हणजे गटाराच्या कडेला पडलेला माणूस. दारूची प्रत सांगणारा शब्द माणसाची शिवी झाला. हे आपोआप होत नाही.

दुसरं पेय मोहाचं. मोहाची झाडं मुंबई बेटावरची नव्हेत, ती ठाणे जिल्ह्यातल्या, गुजरातच्या पंचमहालातल्या जंगलांतली. वारली, कातकरी, ठाकर, भिल्ल यांच्यासाठी मोहाचं फूल हे आधी अन्न. वाळवून ठेवायचं, भाकरीत घालायचं, पडत्या काळात त्यावर दिवस काढायचे. लग्नात, देवाला, मर्तिकाला त्याचीच दारू. माडी आणि मोह यांत मूलभूत फरक असा, की मोहाचं फूल वाळतं, टिकतं आणि पोत्यात भरून कुठेही नेता येतं. माडाचा रस सरकारला एका जागी गोळा करता येत नाही. मोहाची फुलं करता येतात. सरकारचं लक्ष कुठे गेलं असेल हे सांगायला नको.

मुंबईसमोर, खाडीपलीकडे उरण. तिथे मोहाच्या दारूच्या मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या, मालक बहुतेक पारशी. फुलं गुजरातकडून यायची आणि तयार माल मोरा बंदरातून होडीने मुंबईला. मुंबईच्या कामकऱ्यांची दारू ती हीच.

आणि मग येतो 1878चा कायदा, मुंबई अबकारी कायदा. त्याचा कर्ता म्हणून चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्याचं नाव घेतात. मिठाचा महसूलही त्याच्याकडेच होता, हे ध्यानात ठेवा. कायद्याचा गाभा साधा होता. गावोगावच्या छोट्या भट्ट्या बंद. दारू गाळायची ती मोजक्या, सरकारच्या नजरेखालच्या मध्यवर्ती भट्ट्यांत. विकण्याचा हक्क लिलावात, जास्त बोली लावणाऱ्याला. आणि माड-ताड-शिंदीच्या झाडांवर झाडागणिक कर. ज्या झाडाचा कर भरला, त्याच झाडाला पात्याचा स्पर्श. 1892मध्ये आणखी एक कायदा आला, तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत खुद्द मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा. ज्यांचं ते अन्न होतं, त्यांच्या घरात ते फूल सापडणं हाच आता संशय झाला.

भाषेत याची खूण राहिलीये. दारूच्या दुकानाला आपण गुत्ता म्हणतो. गुत्ता या शब्दाचा जुना अर्थ दारू नव्हे. गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. महसुलाचा ठेका ज्याने घेतला त्याच्या दुकानाला ठेक्याचंच नाव पडलं. जपान्यांनी दुकानाला 'बसायची जागा' म्हटलं, आपण 'कंत्राट' म्हटलं.

या कायद्यानंतर बाटलीची ओळख कशाने होऊ लागली? आकड्याने. 25 यूपी आणि 60 यूपी. यूपी म्हणजे उत्तर प्रदेश नव्हे, 'अंडर प्रूफ'. सरकारी प्रमाणापेक्षा किती टक्के खाली, तो हा आकडा. आजच्या हिशोबाने पहिल्यात सुमारे 43 टक्के मद्यार्क, दुसऱ्यात सुमारे 23. परळच्या माणसाच्या पेल्यात मोह कुठल्या जंगलातला, पाणी कुठलं, गाळली कोणी, यातलं काहीच उरलं नाही. राहिली ती फक्त करआकारणीची मोजपट्टी. हा आमच्या मते या सगळ्या कथेतला निर्णायक क्षण. दारूबंदीने स्थानिक पेयं मारली असं सर्रास बोललं जातं, पण त्यांचं नावगाव दारूबंदीच्या साठ वर्षं आधीच पुसायला सुरुवात झाली होती, आणि ती दारू विकून पैसे मिळवणाऱ्या सरकारकडून.

आता इथे कोणी म्हणेल, परकीय सरकार, लुटारू सरकार, दुसरं काय होणार! हे अर्धंच खरं आहे, आणि ते तपासायला जपानला जावं लागतं. जायला जहाजही तयार आहे. 1893 साली निप्पॉन यूसेन कंपनीने जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई ते कोबे असा जहाजमार्ग सुरू केला. आपला कापूस तिकडे जायचा. ज्या कोबेला गाठी उतरायच्या, त्याच्या शेजारीच नादा आहे, जपानमधला साके गाळण्याचा सर्वांत मोठा पट्टा.

त्या काळच्या जपानी सरकारला पैशाची भूक आपल्या सरकारपेक्षा कमी नव्हती. लष्कर उभारायचं होतं, युद्धं करायची होती. त्यांनीही दारूवर कर चढवत नेला, इतका की विसाव्या शतकाच्या तोंडाशी देशाच्या कर-उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा दारूतून येत होता. 1899मध्ये घरगुती साके करण्यावर पूर्ण बंदी आली. शेतकऱ्याच्या घरची ती गढूळ, दाट 'दोबुरोकु' एका रात्रीत गुन्हा झाली. ही बंदी आजही कायम आहे. म्हणजे आपल्या मोहवाल्यासारखा तिथला गरीब शेतकरीही भरडला गेला. जपानचा इतिहास सोज्वळ आहे असं समजू नका.

फरक पडला तो पुढे. जपानी सरकारने कर बसवला तो बनवणाऱ्यावर, तो जिथे बनवत होता तिथेच. दुकानाचा ठेका लिलावात काढून बनवणाऱ्याला भट्टीवरून उठवलं नाही. कर बनवणाऱ्याकडून यायचा, तेव्हा त्याची साके नासली की सरकारचंही नुकसान. म्हणून 1904मध्ये अर्थखात्यानेच मद्यनिर्मितीची संशोधन संस्था काढली. हिरोशिमाच्या हलक्या पाण्यात साके नीट होत नसे. मिउरा सेन्झाबुरो या तिथल्याच गाळणाऱ्याने त्या पाण्यासाठी वेगळी रीत बसवली. 1911पासून देशभरच्या नव्या साकेचं परीक्षण सुरू झालं आणि अमुक गावची पहिली आली, तमुक गावची दुसरी, अशी चढाओढ लागली. आपल्याकडच्या अबकारी खात्यात भंडाऱ्याची माडी जास्त वेळ कशी टिकेल, यावर अशी संस्था निघाली नाही. खात्याला झाडांची मोजदाद पुरेशी होती.

आणखी एक फरक आहे, तो बोलायला अवघड. साके गाळणारे बरेचसे जमीनदार होते, गावातले वजनदार लोक. करवाढीविरुद्ध ते संघटित होत, सरकारशी वाटाघाटी करत. आपल्याकडे माडावर चढणारा भंडारी अनेकदा दुसऱ्याच्या झाडावर चढत होता, मोह वेचणारा आदिवासी होता आणि पिणारा गिरणीत बारा तास उभा राहणारा. ज्या पेयाचा करणारा आणि पिणारा दोघेही समाजाच्या पायरीखालचे, त्याच्या चवीबद्दल लिहिणार कोण? फक्त परकीय सरकारला दोष देऊन आपली सुटका होत नाही.

आणि ज्यांनी या लोकांची बाजू घेतली, ते दारूच्या विरुद्ध होते. तेही सकारण. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना 1880मध्ये त्यांनी वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली. 1908मध्ये पुण्यात टिळकांच्या अनुयायांनी गुत्त्यांवर निरोधन केलं. 1919मध्ये गडकऱ्यांचं 'एकच प्याला' रंगभूमीवर आलं, लेखकाच्या मृत्यूनंतर महिन्याभराने. परळ-लालबागमध्ये पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या दारात काय चालतं, हे बायकांना कोणी नाटकातून सांगायची गरज नव्हती. सरकारच्या तिजोरीत जाणारा पैसा चुलीवरच्या भांड्यातून जात होता. पुढे महाराष्ट्रात 'आडवी बाटली'चं मतदान घेऊन दुकानं बंद करणाऱ्या बायकांचा राग त्याच वंशातला आहे. आम्ही चवीबद्दल बोलतोय, पण हा राग बाजूला ठेवून बोलता येणार नाही.

दादरला एस. के. बोले रोड आहे. ते सीताराम केशव बोले, भंडारी समाजातले, कामगारांचे पुढारी. 1923मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळात मांडणारे ते हेच. त्या पिढीला समाजाची ओळख माडीवरून शाळेकडे न्यायची होती, आणि ते योग्यच होतं. तोवर माडही निघून चालले होते. प्लेगनंतर 1898मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या गेल्या, वाड्यांचे प्लॉट पडले. झाडच नाही तर झाडावर चढणार कोण?

पुढचा भाग तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भराभर जाऊ. बाळासाहेब खेरांच्या काँग्रेस सरकारने 1 ऑगस्ट 1939ला मुंबई शहरात दारूबंदी आणली. खातं डॉ. गिल्डरांकडे होतं. बुडालेला महसूल भरून काढायला घरमालमत्तेवर 10 टक्के कर बसवला, आणि पारशी व मुसलमान मालमत्ताधारकांनी मोठा विरोध केला. काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामा दिल्यावर ती बंदी ढेपाळली. स्वातंत्र्यानंतर मोरारजी देसाईंच्या आग्रहाने 1949चा कायदा झाला आणि एप्रिल 1950पासून संपूर्ण बंदी. बालसारा खटल्यात 1951मध्ये सर्वोच्च न्यायालयाने औषधं आणि प्रसाधनांतल्या मद्यार्काला वाट दिली, बाकी कायदा बहुतांशी उचलून धरला. मग गिरगाव-धोबीतलाव भागात, माहीमकडे 'आंटी'चे अड्डे चालू झाले. खोलीत एक बाक, उकडलेली अंडी, आणि मोजायला नवटाक. हातभट्टीत मोह नव्हता, होता तो काळा गूळ आणि नवसागर. 'पहिल्या धारेची' हा शब्द याच काळात चोरट्या दारूचा झाला.

बंदी 1960च्या दशकात सैल झाली. 1973मध्ये महाराष्ट्राने देशी दारूचे नियम केले. ती 'देशी' कशापासून? साखर कारखान्यांच्या मळीपासून. मळीतून शुद्ध मद्यार्क काढायचा, पाणी घालायचं, संत्र्याचा वास घालायचा. नागपूर असो की लालबाग, चव एकच. देशी म्हणायचं आणि त्यात कुठलाच देश नसायचा!

माडी मात्र पूर्ण मेली नाही. शहरात 'ताडी-माडी विक्री केंद्र' अशा पाट्या अजून सापडतात. पण झाडं आणि गिऱ्हाईक यांचं गणित जुळत नाही, म्हणून कित्येकदा क्लोरल हायड्रेटसारखी रसायनं मिसळून बनावट ताडी विकली जाते आणि तिने माणसं मेली आहेत. विषारी गावठीने तर 2015मध्ये मालवणीत शंभरावर बळी घेतले. मरणारे सगळे गरीब. चांगल्या दारूचं गावाशी असलेलं नातं तुटलं की स्वस्त दारूची जबाबदारी कोणाचीच राहत नाही.

जपानलाही हा धोका चुकला नव्हता. युद्धकाळात आणि नंतर तांदळाच्या टंचाईत साकेत बाहेरचा मद्यार्क आणि साखर घालून तिचं प्रमाण तिप्पट करायचे. सगळीकडे एकाच चवीचा माल. मग 1970च्या दशकात 'जिझाके'ची, म्हणजे त्या-त्या भूमीच्या साकेची लाट आली. छोटे गाळणारे टिकून होते, त्यांच्याकडे पाणी होतं, जुन्या वह्या होत्या, म्हणून ती लाट येऊ शकली. लोअर परळच्या यादीत दिसतं ते या दुसऱ्या जन्माचं फळ. 2024मध्ये युनेस्कोने ही परंपरा वारशाच्या यादीत घेतली.

आपल्या दाराशी असा दुसरा जन्म झालाय तो गोव्यात. काजूच्या फेणीला 2009मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे पहिला उतार हुर्राक, पुढचा फेणी, हे आजही लहान पोर सांगेल. बांद्याची हद्द ओलांडून सिंधुदुर्गात आलं की तोच काजू, तीच माती, पण बोंडं वर्षानुवर्षं बागेत कुजत राहिली. गाळणं गुन्हा होता.

2022च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने काजूची बोंडं, मोहाची फुलं यांपासून इथेच होणाऱ्या मद्याबद्दल निर्णय घेतला. ते देशी दारूच्या गटातून काढून त्याला दर्जा द्यायचा ठरला. कोणता? 'विदेशी मद्या'चा. डहाणूच्या जंगलातलं फूल, सावंतवाडीचं बोंड, आणि कागदावर विदेशी. निर्णयामागचा हेतू चांगला आहे, स्थानिकांना भाव मिळावा हा. पण तेव्हा आपल्या व्यवस्थेत चांगल्या मालाला वेगळा खणच नव्हता. खण दोनच होते: मळीची ती देशी, बाकी सगळं विदेशी.

आणि मघाशी आपण ज्या इझाकायात बसलो होतो, तिथे साके पिताना प्रत्येकाजवळ परवाना असायला हवा, 1949च्याच कायद्याप्रमाणे. तो परवाना मिळतो आरोग्य राखण्यासाठी. म्हणजे निइगाता आणि नादा यांतला फरक समजून घेणारा तो रसिक सरकारदरबारी रुग्ण आहे.

बराच वेळ घेतला. मागच्या रांगेतून दोन-तीन हात केव्हाचे वर आहेत, आता प्रश्न घेऊ या.